बाळंतपणाची शिल्लक

(द्वितीय वर्ष, बी. कॉम.)

बाई बाळंत झाली की आपल्याकडे ‘मोकळी झाली’ म्हणतात आणि वर्षभराने तीच बाई अंगाने भरलेली दिसली की ‘सुटली’ म्हणतात. पहिला शब्द उच्चारताना लोक तोंड गोड करतात, दुसरा उच्चारताना गालात हसतात. ‘एका पोरात एवढी सुटली?’ हा प्रश्न हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर, कुठेही कानावर पडतो. आमच्या बेळगावात तो दोन भाषांत पडतो. ‘दप्प आगीदि नोडव्वा’, म्हणजे ‘जाड झालीस बघ बाई’, असे शेजारची कानडी मावशी प्रेमानेच म्हणते. पण ऐकणारीपर्यंत ते प्रेम पोचतेच असे नाही.

विचारणाऱ्याजवळ या प्रश्नाचे उत्तरही तयार असते : ‘खाते जास्त आणि हलत नाही.’ हे उत्तर पुरेसे आहे काय? आपल्या भागात बहुतेक सगळ्याच जणी बाळंतपणात लाडू खातात, सगळ्याच जणी सव्वा महिना खोलीत असतात. मग काहींचे वजन सहा महिन्यांत पहिल्यासारखे होते आणि काहींच्या अंगावर पाच-सात किलो कायमचे का राहतात? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करायचा आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नव्हे, वाणिज्य शाखेची आहे. परंतु वजन म्हणजे शेवटी जमा आणि खर्च यांतील फरक, आणि जमाखर्च कसा मांडावा एवढे मला शिकवलेले आहे. डॉक्टरांना विचारून, सरकारी मार्गदर्शिका वाचून आणि घरात डोळ्यांसमोर झालेले एक बाळंतपण पाहून जे समजले ते सांगते.

बारा किलो कशाचे?

गरोदरपणात वजन वाढते म्हणजे नेमके काय वाढते, हे प्रथम पाहू. निरोगी, मध्यम बांध्याच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढावे, असे आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात. हे १२ किलो धरले तर त्यांची फोड ढोबळमानाने अशी होते : बाळ ३ किलो, वार ६०० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम, वाढलेले गर्भाशय ९०० ग्रॅम, स्तनांची वाढ ४०० ग्रॅम, वाढलेले रक्त १ किलो ३०० ग्रॅम, अंगात साठलेले जादा पाणी दीड किलो आणि चरबी साडेतीन किलो.

आता खर्चाची बाजू. बाळ, वार आणि गर्भजल मिळून सुमारे साडेचार किलो बाळंत होतानाच उतरतात. त्यानंतरच्या दोनतीन आठवड्यांत अंगातले जादा पाणी लघवीवाटे आणि घामावाटे जाते, रक्त पूर्वीइतके होते. गर्भाशय बाळंत झाल्या दिवशी किलोभराचे असते, ते आकसत सहा आठवड्यांत ६०-७० ग्रॅमवर येते. म्हणजे सगळे अगदी सुरळीत झाले, तरी सहाव्या आठवड्यात काट्यावर सुमारे चार किलो शिल्लक दिसणारच. ‘मूल झाले, तरी पोट तसेच कसे?’ असे पाचवीला किंवा बारशाला विचारणाऱ्यांनी एवढा हिशेब लक्षात घ्यावा. त्या दिवशी गर्भाशयसुद्धा जागेवर आलेले नसते.

ही जी साडेतीन किलो चरबी उरते ती चुकून साठलेली नाही. शरीराने ती मुद्दाम, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच मांड्यांवर आणि कमरेवर बाजूला काढून ठेवलेली असते. कंपनी जशी नफ्यातून राखीव निधी ठेवते तसा हा दुधासाठी ठेवलेला निधी आहे. पुढे दुष्काळ पडला, घरात दाणा नसला, तरी बाळाचे दूध तुटू नये ही त्यामागची निसर्गाची तजवीज.

गरोदरपणात वजन १२ ऐवजी १८ किलो वाढले तर? बाळ काही दीडपट मोठे होत नाही. वरच्या सहा किलोंपैकी बराच भाग चरबीतच जातो. म्हणून बाळंतपणानंतर किती वजन राहणार, याचा सर्वांत मोठा अंदाज गरोदरपणात किती वाढले यावरून येतो. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे सुमारे चौदाशे बायकांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर एका वर्षाने सरासरी शिल्लक फक्त दीड किलो निघाली. काही जणी पूर्वीपेक्षा हलक्या झाल्या होत्या. पण शंभरातल्या चौदा-पंधरा जणींच्या अंगावर पाच किलोंहून अधिक वजन राहिले होते. गरोदरपणात ज्यांचे वजन जास्त वाढले, त्यांचेच बहुधा जास्त राहिले. सरासरी बघून ‘सगळ्यांचे उतरते, हिचे का नाही?’ असे विचारणे किती फसवे आहे ते यावरून कळते.

‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ हा आग्रह इथे नडतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला रोज सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर आमटी आणि पेलाभर दूध. दुसऱ्या माणसाचे संपूर्ण ताट नव्हे.

दुधाचा खर्च

अंगावर पाजले की वजन आपोआप उतरते, असे पुष्कळ जण सांगतात. हे अर्धे खरे आहे. पहिले सहा महिने बाळ केवळ आईच्या दुधावर असेल, तर आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात. सहा महिन्यांचे १८० दिवस धरले तर एकूण खर्च १ लाख ८ हजार कॅलरी. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात; म्हणजे साडेतीन किलोंच्या राखीव निधीत सुमारे २७ हजार. हा निधी एकूण खर्चाच्या बरोबर चौथा हिस्सा झाला. उरलेले तीन हिस्से, म्हणजे रोज ४५० कॅलरी, जेवणातून यायला हव्यात. तेवढ्याच आल्या तर सहा महिन्यांत निधी संपतो आणि वजन पूर्वीच्या जागी येते.

आता बाळंतिणीचे ताट पाहू. डिंकाचे लाडू, आळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, सुंठ, खारीक, खोबरे, मऊ भातावर तुपाची धार. आमच्या घरी डिंकाचा एक लाडू तोलून पाहिला, तो ५० ग्रॅम भरला. त्यातले तूप, गूळ, खोबरे आणि खारीक यांचा हिशेब केला तेव्हा एका लाडवात सुमारे २५० कॅलरी निघाल्या. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक लाडू खाल्ला तर ७५० झाल्या. दुधाचा सगळा खर्च भागून वर दीडशे उरल्या, आणि जेवण अजून व्हायचेच आहे! अशा वेळी राखीव निधीला हात लागत नाही, उलट त्यात भर पडते. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा कुंद्याचा डबा घेऊन येतो, तो वेगळाच.

शरीर काही इतके काटेकोर हिशेबनीस नाही हे मान्य आहे. एकीची भूक पाजण्याने दुपटीने वाढते, एकीची वाढत नाही. एकीला भरपूर दूध येते, दुसरीला वरचे दूध सुरू करावे लागते आणि तिचा खर्च कमी होतो. म्हणूनच पाजणाऱ्या दोन बायकांत एकीचे वजन उतरते आणि दुसरीचे तसेच राहते. त्यात एकीचा संयम आणि दुसरीचा हावरेपणा शोधण्याचे कारण नाही.

लाडू तोच, काम निराळे

इथे कोणी म्हणेल, आमच्या आजीनेही हेच लाडू खाल्ले, तिचे पोट कधी दिसले नाही. प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते त्याच्या उत्तरातच या विषयाचा गाभा आहे.

बाळंतपणाचा आहार मराठी घरात आणि कानडी घरात जवळजवळ सारखाच. आपण बाळंतीण म्हणतो, ते बाणंती म्हणतात. आपण डिंकाचे लाडू म्हणतो, ते अंटिन उंडे म्हणतात. खडेबाजारात डिंक आणि खारीक घ्यायला दोन्ही घरची माणसे एकाच दुकानात उभी असतात. हा आहार ज्या काळात ठरला त्या काळातल्या बाईच्या कामाचा हिशेब काय होता?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलो वजनाच्या बाईची रोजची गरज कामाप्रमाणे दिली आहे. बैठे काम असेल तर १,६६० कॅलरी, मध्यम काम असेल तर २,१३० आणि कष्टाचे काम असेल तर २,७२०. बैठ्या आणि कष्टाच्या कामात फरक १,०६० कॅलरींचा आहे. दुधाचा खर्च ६००. म्हणजे कामातला फरक हा दुधाच्या खर्चाहूनही मोठा आहे!

आजी सव्वा महिना संपला की जात्यावर बसत होती, विहिरीचे पाणी शेंदत होती, शेतावर भाकरी घेऊन जात होती आणि परत येताना डोक्यावर सरपण आणत होती. पाजण्याचा खर्च धरून तिची गरज ३,३०० कॅलरींच्या घरात. तिची नात टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये राहते. नळाला पाणी आहे, मिक्सर आहे, गिरणी आहे, गॅस आहे. तिची गरज पाजण्यासकट २,३०० च्या आत. लाडवाचे माप मात्र आजीच्या वेळचेच राहिले. जमेची बाजू तशीच ठेवून खर्चाची बाजू हजाराने कमी केली, तर शिल्लक वाढणारच. त्यासाठी नातीला आळशी ठरवण्याची गरज नाही. मिक्सर काही तिच्या आळसामुळे बाजारात आलेला नाही.

पण याचा अर्थ आजीचे दिवस चांगले होते असाही नव्हे. तिचे पोट दिसत नव्हते कारण तिच्या अंगावर साठायला काही उरतच नव्हते. पाच-सहा बाळंतपणे, अंगात रक्त नाही, चाळिशीत कंबर गेलेली. ती बारीक होती. सुदृढ होती असे म्हणवत नाही. आजही जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी बाई लवकरच कोयता हाती घेते. तिला हा लेख वाचून कोणी ‘लाडू कमी खा’ म्हणाले तर तो अन्याय होईल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायकांचे वजन प्रमाणाबाहेर जास्त आढळले, पण १८.७ टक्के बायका प्रमाणाबाहेर बारीक होत्या आणि ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होते. एकाच गल्लीत दोन्ही प्रकारच्या आया राहतात. एकीला लागू पडणारा सल्ला दुसरीला घातक ठरू शकतो.

झोपेचा संबंध

आमची थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सिझेरियन झाले. गरोदरपणात तिचे वजन १६ किलो वाढले होते, वर्षाने त्यातले ७ किलो राहिले. ती काय खात होती आणि किती झोपत होती, हे मी त्या चार महिन्यांत रोज पाहिले. खाण्याबद्दल घरात सगळे बोलत. झोपेबद्दल कोणी बोलत नसे. बाळ रात्रीत चार वेळा उठे. दिवसा बाळ निजले की भेटायला आलेल्या बायका येऊन बसत. पाहुणे गेले की लंगोट, दुपटी, पुन्हा पाजणे. सलग दोन तास झोप मिळाली तर तो दिवस चांगला म्हणायचा.

अमेरिकेत बॉस्टन भागातल्या आयांची एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. बाळ सहा महिन्यांचे असताना ज्या आया दिवसभरात पाच तास किंवा त्याहून कमी झोपत होत्या, त्यांच्या अंगावर वर्षअखेर पाच किलो किंवा अधिक वजन राहण्याची शक्यता सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट होती. झोप कमी झाली की भूक वाढवणारा अंतःस्राव वाढतो, पोट भरल्याची जाणीव देणारा कमी होतो, आणि थकलेल्या शरीराला गोड आणि तळलेलेच हवेसे वाटते. रात्री तीन वाजता भुकेलेली आई भाजी चिरत बसणार नाही. हाताशी डबा असतो तो लाडवांचाच.

झोपेशी मनाचाही संबंध आहे. बाळंतपणानंतर काही जणींना अकारण रडू येते, उदास वाटते, कशातच रस राहत नाही. हे पंधरा दिवसांहून अधिक टिकले तर तो आजार आहे, नखरे नव्हेत. अशा वेळी कोणी जास्त खाते, कोणी जेवणच टाकते. दोन्हींवर उपाय ताशेरे मारण्याचा नाही, डॉक्टरांकडे नेण्याचा आहे.

नोकरी करणाऱ्या आईचा प्रश्न आणखी वेगळा. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे आम्ही वर्गात शिकलो. परंतु वडगाव-शहापुरात घरच्या मागावर काम करणारी, दुकानात उभी राहणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई या रजेच्या हिशेबातच येत नाही. तिला ना झोप मिळते, ना वेळेवर जेवण. जेवणाचा नियम सुटला की वजनाचाही सुटतो.

काही समजुती

पोट बांधल्याने चरबी जाते, ही पहिली समजूत. पोट बांधल्याने कंबरेला आधार मिळतो, बरे वाटते. चरबी मात्र एक ग्रॅमही जळत नाही. शिवाय दिसणारे पोट दरवेळी चरबीचेच असते असे नाही. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू ताणून दोन बाजूंना सरकतात. काही जणींचे ते लवकर जवळ येतात, काहींचे वर्षभरही येत नाहीत. काट्यावर वजन पूर्वीइतके झाले, तरी पोट पुढे दिसते ते यामुळे. त्यावर योग्य व्यायाम आहेत, पण ते जाणकाराकडून शिकून घ्यावे लागतात.

दुसरी समजूत कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दलची. ‘ऑपरेशन झाले आणि ती सुटली’ असे सर्रास म्हटले जाते. या शस्त्रक्रियेत फक्त बीजवाहक नळ्या बंद करतात. बीजकोशांना हात लागत नाही, त्यांचे अंतःस्राव पूर्वीसारखेच चालू राहतात. ही शस्त्रक्रिया बहुधा शेवटच्या बाळंतपणानंतर होते आणि दोन-तीन बाळंतपणांची शिल्लक त्याच सुमारास डोळ्यांत भरते, म्हणून दोष तिच्यावर येतो. गर्भनिरोधक इंजेक्शनाने मात्र काही जणींचे वजन वाढते हे खरे आहे. तशी शंका आली तर इंजेक्शन मनानेच न थांबवता दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा.

तिसरी समजूत पथ्याची. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, फळे आणि पालेभाज्या थंड म्हणून द्यायच्या नाहीत, असे अजूनही कित्येक घरांत चालते. मग ताटात उरते काय? भात, तूप आणि लाडू. पोट भरल्यासारखे वाटायला आणि साफ व्हायला जे लागते तेच नेमके वगळले जाते. विश्रांती, ऊब आणि गरम ताजे अन्न या बाळंतपणाच्या चांगल्या चाली आहेत, त्या राखाव्यात. भाजी आणि पाणी बंद करण्याने मात्र बाळाचेही काही भले होत नाही.

आणखी एक गोष्ट. शंभरातल्या चारपाच बायकांना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईड ग्रंथीचा विकार होतो. आधी धडधड, मग काही महिन्यांनी थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठ, थोडे वजन वाढणे. ही लक्षणे दिसली तर ‘बाळंतपणात असेच होते’ म्हणून सोडून न देता एकदा रक्त तपासावे.

दिसण्यापेक्षा महत्त्वाचे

इथवर वाचून कोणी म्हणेल, राहिले पाच किलो तर राहिले, कोणाचे काय बिघडले? दिसण्यापुरता प्रश्न असता तर मीही तेच म्हटले असते. पण या शिल्लकीवर पुढे व्याज चढते.

एका बाळंतपणाची शिल्लक उतरायच्या आत दुसरे गरोदरपण आले की नवा हिशेब वरच्या आकड्यापासून सुरू होतो. स्वीडनमध्ये दीड लाखाहून अधिक बायकांच्या पहिल्या दोन बाळंतपणांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात ज्यांचे वजन बरेच वाढले, त्यांना दुसऱ्या खेपेला रक्तदाब, मधुमेह आणि सिझेरियन यांचा धोका अधिक होता. पोटात मूल दगावण्याचे प्रमाणही अधिक आढळले. ज्यांची सुरुवात प्रमाणाबाहेरच्या वजनाने झाली नव्हती, त्यांच्यातही हा धोका वाढलेला होता. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत निदान दोन वर्षांचे अंतर ठेवायला सांगते. त्याची कारणे अनेक आहेत, पण शरीराला आपला हिशेब मिटवायला वेळ मिळतो हे त्यातले एक.

दुसरा मुद्दा साखरेचा. अक्काच्या गरोदरपणात सातव्या महिन्यात रक्तातली साखर वाढलेली निघाली होती. पथ्याने ती ताब्यात राहिली आणि बाळंतपण झाल्यावर सगळे ते विसरून गेले. बाळाच्या लसींच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेल्या होत्या. अक्काच्या फायलीत एका कागदाच्या तळाशी ‘सहा आठवड्यांनी साखर तपासणे’ अशी ओळ होती, ती कोणी वाचली नाही. दवाखान्यातूनही कोणी तोंडी सांगितले नाही. बाळ अकरा महिन्यांचे झाल्यावर विम्याच्या कामासाठी फाईल उघडली तेव्हा ती ओळ सापडली. तपासणीत मधुमेह निघाला नाही, पण ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर हवी त्यापेक्षा जास्त होती. डॉक्टर म्हणाले, आत्ता कळले हे बरे झाले, अजून परतीची वाट आहे.

गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट, काही अभ्यासांप्रमाणे सात ते दहा पट, असते. शिल्लक राहिलेले वजन त्यात भर घालते. म्हणून आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी करायला सांगितले आहे. नंतरही ठरावीक अंतराने ती करावी लागते. ही तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. पहिल्या सकाळी थोडा वेळ काढावा लागतो, एवढीच तिची किंमत.

मग करावे काय?

उपाशी राहू नये, हे पहिले. पाजणाऱ्या आईने जेवण तोडले तर आधी तिचीच ताकद जाते. पण सावकाश वजन उतरवले तर दुधाला धक्का लागत नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वजन जास्त असलेल्या पाजणाऱ्या आयांनी माफक आहार आणि व्यायामाने आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरवले आणि त्यांच्या बाळांची वाढ नीट होत राहिली. महिन्याला एक-दोन किलो उतरले, तरी पुष्कळ झाले.

लाडू बंद करण्याची गरज नाही, मोजण्याची आहे. दिवसाला एक लाडू, तोही लहान वळलेला. बाकीची भर डाळ, उसळ, दूध, अंडे, जोंधळ्याची भाकरी आणि भाज्यांनी घालावी. कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ रोजी मातृपूर्ण योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीतल्या आयांसाठी भात, सांबार, भाजी, अंडे, दूध आणि चिक्की असे ताट ठरवले गेले. बाळंतिणीच्या आहाराचा चांगला नमुना म्हणून ते ताट पाहण्यासारखे आहे. त्यात गोड आहे, पण गोडच नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज अर्धा तास चालावे. सिझेरियन झालेल्या बाईने घाई करू नये. पण ‘टाके आहेत’ म्हणून सहा महिने पलंगावर बसवून ठेवणेही बरोबर नाही.

यापुढचे काम आईचे नाही, घराचे आहे. रात्रीचे एक उठणे नवऱ्याने किंवा आजीने स्वतःकडे घेतले, पाजून झाल्यावर बाळाला थोपटून निजवले, तर आईला सलग तीन-चार तास मिळतात. दुपारी बाळ निजले असताना पाहुण्यांना ‘संध्याकाळी या’ म्हणायला घरातल्या वडील माणसांनी शिकावे. आई अर्धा तास फिरायला जाणार असेल, तर तेवढा वेळ बाळाला कोणी घेणार आहे काय? सल्ला देण्याआधी हे विचारावे. आणि बाळाच्या लसींबरोबर आईच्या तपासणीची तारीखही कॅलेंडरवर त्याच लाल पेनाने लिहावी.

बाळंतपणाच्या या खात्यात नोंदी करणारे हात पुष्कळ असतात. दोघांचे खा म्हणणारी आजी, लाडू वळणारी आई, कुंदा आणणारे पाहुणे, रात्री न उठणारा नवरा, रजा न देणारा मालक, फाईल न वाचणारे आपण सगळे. वर्षाअखेर शिल्लक निघाली की तिच्यावर सही मात्र एकटीची घेतली जाते. ती सही घेण्याआधी खाते एकदा नीट वाचून पाहावे, एवढीच माझ्या वाचक बंधुभगिनींना विनंती आहे. विशेषतः बंधूंना, कारण आज वर्गात शेजारी बसणाऱ्यांपैकी कित्येक जण चार-पाच वर्षांत बाप होतील, आणि रात्रीचे ते एक उठणे तेव्हा त्यांच्याच वाट्याचे असेल.